वैजयंता हावळ इथे राहतात

आपण आपल्या घरात राहत नाही, हे अर्जुन हावळला वॉर्डाच्या दवाखान्यात कळलं. बुधवार होता. बुधवारी रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात. खिडकीतल्या मुलीनं त्याचं मतदार कार्ड यंत्रावर ठेवलं, उचललं, ओढणीला पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

"आजोबा, हे कार्ड कोरं आहे."

"कोरं कसं असंल? फोटो हाय की माझा."

"फोटोही नाही. बघा तरी."

त्यानं चष्मा लावून पाहिलं. फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता. खाली एकच ओळ होती : या पत्त्यावर वास्तव्य आढळत नाही.

"म्हंजे काय?"

"म्हणजे तुम्ही इथं राहत नाही."

"मग कुठं राहतो?"

"ते आम्हाला कसं कळणार? इथं राहत नाही म्हणजे कुठंतरी राहतच असाल की. तिथल्या वॉर्डात मिळतील गोळ्या."

मागे रांगेत शेजारच्या गल्लीतला बाबू कडोले उभा होता. तो म्हणाला, "अण्णा, दुसरं बिऱ्हाड केलंय व्हय? पत्ता तर द्या." रांग हसली. म्हातारी माणसं, गुडघे धरून उभी असलेली, तीसुद्धा हसली.

मुलीनं पडद्यावर बोट फिरवलं. "घरात दुसरं कार्ड आहे. वैजयंता अर्जुन हावळ. ते चालू आहे. त्यांना पाठवा, त्यांच्या नावावर देते."

"ती गेली."

"कुठं?"

"वारली. अकरा महिने झाले."

मुलीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "नाही हो. आज सकाळी घरातच होत्या. पाच दहाला उठल्यात."

अर्जुननं चष्मा काढून खिशात ठेवला. मुलगी वाईट नव्हती. पडद्यावर दिसतं ते खरं, एवढंच तिला शिकवलं होतं आणि तेवढंच ती शिकली होती. तिनं गोळ्यांचं पाकीट खिडकीतून पुढं सरकवलं. "घ्या, त्यांच्या नावावर टाकते. पुढच्या वेळी त्यांचं कार्ड आणा." त्यानं पाकीट घेतलं. नको म्हणायची अक्कल त्या वेळी सुचली नाही.

घरी येऊन त्यानं कपाटातलं बायकोचं कार्ड काढलं. त्यावर वैजयंता होती. कपाळाला मोठं कुंकू, एक डोळा किंचित बारीक, कारण फोटो काढणाऱ्यानं दिवा तोंडावर धरला होता. ओळ होती : या पत्त्यावर राहतात.

*

रांजणवेढ्याच्या विणकर वसाहतीत मतदार यादीचं काम मुल्लाबाईंकडे होतं. मुमताज मुल्ला अंगणवाडी सेविका. सकाळी पोरांना खिचडी, दुपारी यादी. बावीस वर्षं हेच. अर्जुन गेला तेव्हा पोरं झोपली होती आणि बाई पातेलं घासत होत्या. त्यानं दोन्ही कार्डं पोरांच्या बुटक्या टेबलावर ठेवली.

बाईंनी हात पुसले, दोन्ही कार्डं पाहिली, आणि "या अल्ला" एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "अण्णा, हे कार्ड तुमी कधी वाचलंय का?"

"कार्ड काय वाचायचं असतंय? दाखवायचं असतंय."

"तीच चूक करता तुम्ही समदी." बाईंनी वैजयंताचं कार्ड पुढं ओढलं. पोरांना शिकवतात तसं एकेका ओळीवर बोट ठेवत त्या सांगू लागल्या. "हे वरचं, तीन अक्षरं, सात आकडे. हा वहिनींचा नंबर. हा जल्मभर बदलत न्हाई. लोक ह्यालाच अनुक्रमांक म्हणतात. तो हा न्हवं. अनुक्रमांक यादीत असतो आन दर यादीला बदलतो. हे नाव. हे पतीचं नाव. मागं बगा, हा पत्ता. हा मतदारसंघ. हा भाग, एकशे सत्तेचाळीस, विणकर वसाहत उत्तर. भाग म्हंजे कुठल्या शाळेत, कुठल्या खोलीत तुमचं मत, ते. आन नीट ऐका. कार्ड हाय म्हणून मत हाय, असं नसतंय. यादीत नाव पायजे. कार्ड ही नुसती वळख."

"मी चाळीस वर्षं मत देतोय."

"देत होता. वहिनी चिठ्ठी शोधायच्या, खोली शोधायच्या, तुमाला हाताला धरून रांगेत उभं करायच्या. तुमी बटण दाबायचा." बाई हसल्या नाहीत. "आता ही खालची नवी ओळ. राहती ओळ. सगळा घोळ हिचा."

राहती ओळ यायला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी याद्यांत गेलेली माणसं असायची, गाव सोडलेली असायची, एकेका खोलीत चाळीस चाळीस नावं असायची. नावं गाळायला मृत्यूचे दाखले जोडायचे, तर जिवंत माणसांचे दाखले निघायचे. विरोधी पक्षाची आख्खी गल्ली कागदावर मारून टाकायची, अशी रीत पडली होती. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की कागदाला विचारायचंच कशाला, घराला विचारावं.

घरात वीज मोजणारं यंत्र असतं आणि पाणी मोजणारं असतं. वीज मोजणारं नवं यंत्र सेकंदाला हजारो वेळा मोजतं. मिक्सर, पंखा, शेगडी, पाण्याची मोटर, प्रत्येकाची वीज ओढायची तऱ्हा वेगळी, त्यामुळं काय चालू झालं ते यंत्राला कळतं. पाण्याच्या यंत्राला नळ किती उघडला, झटक्यात उघडला की हळूहळू, ते कळतं. आणि माणूस नळ आपल्याच पद्धतीनं उघडतो. कोणी दिवा लावून मग मोटर लावतो, कोणी अंधारातच मोटर लावतो. कोणी मिक्सर एका दमात फिरवतो, कोणी तीनदा थांबवून झाकण उघडून बघतो. अशा शेकडो बारीक सवयी जोडल्या की एक वळण तयार होतं, अक्षराला असतं तसं. तीन महिन्यांत यंत्र सांगू शकतं, या घरात किती माणसं राहतात. नाव चिकटवायला सुरुवातीला प्रत्येकानं पंधरा दिवस कार्ड खिशात ठेवून घरात वावरायचं. कोण कुठल्या खोलीत आहे ते कार्ड सांगायचं. त्यानंतर कार्डाचीही गरज उरली नाही. वळण दिसतंय, माणूस राहतो. वळण बंद झालं, माणूस गेला. कार्डावरची अक्षरं शाईची नव्हतीच, निवडणुकीआधी नवी यादी निघाली की ती हुकमानं बदलायची. घर खोटं बोलत नाही, अशी पाटी नोंदणी कार्यालयाच्या दारावर लावली होती.

"मग माझं वळण कुठं गेलं?" अर्जुन म्हणाला.

"ते तुमी सांगा. तुमचं नाव आता एकाच ठिकाणी उरलंय अण्णा." बाईंनी वैजयंताच्या कार्डावर बोट ठेवलं. "हे. पतीचे नाव."

*

अर्जुनला कारण ठाऊक होतं. अंगणवाडीच्या पायऱ्या उतरताना ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

तो मागाचा जॉबर होता. पस्तीस वर्षं कारखान्यात माग लावणं, दुरुस्त करणं, कामगार शिकवणं. रस्त्यानं चालताना नुसत्या खडखडाटावरून तो सांगायचा की सातव्या मागावर कोण आहे, आणि तो आज घरी भांडून आलाय का. म्हणून राहत्या ओळीची बातमी आली तेव्हा तो वैजयंताला म्हणाला होता, "एवढ्यासाठी शास्त्रज्ञ लागले व्हय? मला चहा पाजला असता तरी सांगितलं असतं."

मागावर एक शिस्त होती. बीम म्हणजे सुताचा मोठा रूळ, त्यावर हजार-दोन हजार वार ताणा, म्हणजे कापडाचा उभा धागा, गुंडाळलेला. अर्धं बीम विणून झालं आणि विणणारा आजारी पडला, किंवा मेला, तर बदली माणूस येतो. त्यानं यायचं आणि आपली अक्कल चालवायची नाही. आधीच्या माणसानं ताण जेवढा ठेवला तेवढाच, तो जिथं थांबायचा तिथंच थांबायचं, तो जसा धागा जोडायचा तसाच जोडायचा. हात बदलला की कापडावर आडवा पट्टा उमटतो. धुतला तरी जात नाही. बीम उतरेपर्यंत आधीच्याच हातानं विणायचं. या एका गोष्टीवरून अर्जुननं कित्येकांच्या कानाखाली आवाज काढला होता.

वैजयंताचं यकृत बिघडलं ते पावसाळा संपता संपता. चार महिने ती पलंगावर होती. पहिल्या आठवड्यात अर्जुननं चहा केला आणि तिनं तो कपात तसाच ठेवला. "अवो, हे काय प्यायचं हाय का पाय धुवायचं?" मग ती पडल्या पडल्या सांगू लागली. पाच दहाला पाणी येतं. दिवा लावू नका, डोळे दिपतात, आधी नळ सोडा. अर्धा. पुरा सोडला तर गाळ वर येतो. चार मिनिटांनी पुरा सोडा. मोटर आत्ता नको, शेजारच्या आक्कांची चालू होऊ द्या, दोन्ही एकदम लागल्या की पाणी कुणालाच चढत नाही. खोबरं वाटताना तीनदा थांबा. दूध शेगडीवर ठेवा, बटण एकावर, बोट घाला, बोट जेमतेम सोसवलं की उतरवा, मग विरजण. कानानं ऐकायची ती. भिंतीपलीकडून ओरडायची, "नळ जास्त झाला." आणि तो कमी करायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलेला जॉबर, पण असा उस्ताद त्याला कधी मिळाला नव्हता.

ती गेली माघात. तेराव्या दिवसानंतर पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी पहाटे पाच दहाला अर्जुन उठला, दिवा न लावता स्वयंपाकघरात गेला आणि नळ अर्धा सोडला. तेव्हापासून रोज तसंच. त्यानं काही ठरवलं नव्हतं. बीम अर्धं होतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

*

नोंदणी कार्यालयातला पडताळणी अधिकारी ओंकार जिरगे. पस्तिशीचा, कोरीव दाढीचा. बोलणं गोड आणि प्रत्येक वाक्यात "काका". अर्जुननं मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला. जिरगेनं तो दोन बोटांनी बाजूला सारला.

"दाखला आलाय आमच्याकडे काका. तोच तर प्रॉब्लेम आहे. जिवंत बाईचा दाखला."

"बाई जिवंत न्हाई."

"घर म्हणतंय आहे. काका, रागावू नका, पण नावं उडवायला दाखले काढतात लोक. तुमचं प्रकरण संशयित म्हणून लागलंय."

"मी माझ्या बायकोला जाळून आलोय. ह्या हातानं."

"मी कुठं नाही म्हणतोय? मी सिस्टिमचं सांगतोय."

"आन मी? मी हा तुमच्यापुढं बसलोय. अंगठा घ्या माझा."

"अंगठा जुळेल की. तुम्ही आहात याबद्दल वादच नाही. तुम्ही तिथं राहता का, हा प्रश्न आहे. मत पत्त्यावर असतं काका, अंगठ्यावर नाही."

एका अर्थी ते बरोबर होतं. अशा माणसांचं हेच वाईट. त्यांचं प्रत्येक वाक्य वेगळं घेतलं की बरोबर असतं.

जिरगेनं पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा. दाखवायचं नसतं, पण तुम्ही वडीलधारे." पडद्यावर नऊ वर्षांचा एक लांब पट्टा होता. निळ्या रेघा वैजयंताच्या, तांबड्या त्याच्या. अर्जुननं आयुष्यभर कापड पाहिलं होतं, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. निळं विणकाम पहाटे पाचला सुरू व्हायचं आणि रात्री साडेदहापर्यंत गच्च. कुठं भोक नाही. तांबडा धागा मधूनच. सकाळी आठला गिझर, वीस मिनिटं, नंतर बंद करायचा विसरलेला, तो निळ्या रेघेनं बंद केलेला. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही. पंखा पाचवर. मोरीतला नळ अर्धवट टपकत सोडलेला, तोही निळ्या रेघेनं घट्ट केलेला.

"कारखाना बंद पडल्यावर तर तुम्ही पूर्ण वेळ घरीच होता ना?" जिरगे म्हणाला. "तरी एवढंच. काका, तुम्ही घरात करत काय होता?"

"जेवत होतो," अर्जुन म्हणाला.

जिरगे हसला, मग हसू आवरलं. पट्ट्याच्या शेवटी चार महिने निळं जरा थरथरलेलं होतं, जणू शिकाऊ हात. नंतर ते पूर्ववत गच्च झालं. तांबडा धागा माघात तुटला होता. टीव्ही एकदाही लागला नव्हता.

"म्हणून यंत्रानं मानलं की जे कोणी गेलं ते तुम्हीच," जिरगे म्हणाला. "यंत्राच्या जागी मी असतो तरी हेच मानलं असतं."

अर्जुनला या पोराचा संताप आला, यंत्राचा आला, दारावरच्या पाटीचा आला. पण सगळ्यात जास्त त्याला त्या तांबड्या धाग्याची लाज वाटली. चौतीस वर्षं संसार केला म्हणून तो लोकांना सांगत फिरत होता. संसार कोणी केला ते इथं रंगीत काढून ठेवलं होतं. परक्या पोरानं ते डबा खाता खाता पाहिलं असणार.

"उपाय काय?"

"सोपा आहे. तुमचं जुनं वळण आमच्याकडे साठवलेलं आहे. ते परत दिसलं पाहिजे. तीस दिवस, सलग. त्या तीस दिवसांत वहिनींचं वळण दिसता कामा नये. एकदा जरी दिसलं तरी मोजणी पहिल्या दिवसापासून. तीस भरले की तुमचं नाव आपोआप चढतं, त्यांचं आपोआप कमी होतं, दाखलाही मान्य होतो. नगरपालिकेची यादी पंधरा तारखेला बंद होते. पस्तीस दिवस आहेत. आरामात होईल."

"म्हंजे मी पुन्हा तसा वागायचं."

"तसं म्हणजे... तुमच्यासारखं. नॉर्मल."

"बसून खायचं. टीव्ही लावायचा. नळ टपकत सोडायचा."

"काका, तीस दिवस फक्त! त्यात काय अवघड आहे?"

*

पल्लवी, त्याची मुलगी, नाशिकला होती. तिला फोनवर सगळं सांगितल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, "पप्पा, करून टाका. आईचं नाव असं लटकत ठेवायचं का? परवा मला नोंदणी कार्यालयाचा मेसेज आला, तुमच्या आईचे बासष्टावे वर्ष सुरू झाले, अभिनंदन. मी ऑफिसात होते. बाथरूममध्ये जाऊन रडले."

"करतो."

"डबा लावून देते मी. तुम्ही काही करू नका."

"तेच करायचं हाय. काही न्हाई करायचं."

"त्यात तुम्ही पटाईत होता की," ती म्हणाली, आणि लगेच, "सॉरी पप्पा."

"सॉरी कशाला? रेकॉर्ड हाय सरकारदरबारी."

पहिल्या दिवशी तो पाच दहाला जागा झाला आणि पडून राहिला. नळाला पाणी आलं, पाइप खाकरला. शेजारच्या आक्कांची मोटर लागली. पाणी निघून गेलं. आठला उठून त्यानं गिझर लावला आणि बंद करायचं टाळलं. तो तसाच चालू राहिला, कारण बंद करणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी सातला त्यानं टीव्ही लावला. नऊ जण एकाच वेळी भांडत होते. पूर्वी तो हे रोज बघायचा आणि मध्येच ओरडायचा, "वैजू, बघ काय म्हणतोय हा गाढव." ती आतून म्हणायची, "इथनं ऐकू येतोय आवाज. तुमचा आन त्याचा सारखाच हाय." आता त्याला कळेना की यांच्यातला कोण ऐकण्यासारखं काय बोलत होता, आणि आपण ते कशासाठी ऐकत होतो.

चौथ्या दिवशी त्यानं विरजणाचं भांडं उघडलं. दही आंबून पाणी सुटलं होतं. हे विरजण वैजयंतानं लग्नानंतर सासूकडून घेतलं होतं आणि रोज लावलं होतं. रोज म्हणजे रोज, बाळंतपणात शेजारणीकडून लावून घेतलेलं. त्यानं दूध शेगडीवर ठेवलं. एकावर. बोट घातलं, सोसवलं, उतरवलं. अर्ध्या तासात त्याच्या फोनवर मेसेज आला : वै. अ. हावळ यांचे वास्तव्य आढळले. मोजणी पुन्हा सुरू.

त्यानं मुल्लाबाईंना सांगितलं. बाई संध्याकाळी वाटी घेऊन आल्या. "द्या इकडं. माझ्या घरात लावते महिनाभर. महिन्यानं परत नेवा. उगा त्या दह्यावर ढकलू नगा."

"मी ढकलत न्हाई."

"ढकलताय. बाईमाणूस गेल्यावर पुरुषाला एक तर दुसरी बाई लागती, न्हाईतर निमित्त लागतंय." त्यांनी वाटीवर झाकण घातलं. "आन एक सांगू? वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, माझं नाव काढा की ओ यादीतनं, कशाला उभं केलंय मला? त्या काय तुमच्या नळात न्हाईत."

"मला ठाव हाय."

"ठाव हाय तर तीस दिवस काढा."

विरजणाचं निमित्त गेलं. दुसऱ्या खेपेला तो अकरा दिवसांपर्यंत पोचला. घराला कुबट वास येऊ लागला. मोरीत शेवाळ धरलं. डब्यातली भाजी तो उभ्यानं खायचा आणि डबा न धुता ठेवायचा, कारण पूर्वी तो कधी डबा धूत नव्हता आणि यंत्राला ते माहीत होतं. आपण स्वतः असणं म्हणजे इतकी घाण, हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल. चौतीस वर्षं रोज सांगितलं असेल, त्याच्या टीव्हीच्या आवाजात ते गेलं असेल.

बाराव्या दिवशी पहाटे पाच दहाला पाइप खाकरला. अर्जुन पलंगावर होता, जागा, पाय चादरीत. कोणी हाक मारली नाही, स्वप्न पडलं नाही, आठवणसुद्धा आली नाही. तो उठला आणि दिवा न लावता नळापाशी गेला. नळ अर्धा सोडला. चार मिनिटं उभा राहिला. मग पुरा सोडला. शेजारची मोटर लागायची वाट पाहिली. सगळं झाल्यावर त्यानं मोरी घासली, डबे धुतले, गिझरचं बटण बंद आहे ना ते पाहिलं. नंतर फोन उघडला. मेसेज आलेला होता.

यादी बंद व्हायला एकोणीस दिवस उरले होते. तीस त्यात बसत नव्हते. जिरगेचा फोन आला. "काका, काय हे? एवढं साधं जमलं नाही?"

"तुमाला जमलं असतं?"

"मी तर घरी काहीच करत नाही," जिरगे हसत म्हणाला. "माझी मिसेस म्हणते, तुमचं वळण सोफ्याचं आहे."

"लगीन किती वर्षांचं?"

"सहा."

"मग घाई करा," अर्जुन म्हणाला आणि फोन ठेवला.

*

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेनऊला दारात रिक्षा थांबली. रिक्षावर झेंडा, आत गळ्यात पट्टे घातलेले दोघे, हातात यादी. कुठल्या पक्षाचे ते विचारण्यात अर्थ नव्हता. तासाभरापूर्वी दुसरे दोघे असेच येऊन गेले होते, पट्ट्याचा रंग तेवढा वेगळा.

"वैजयंता हावळ मॅडम? भाग एकशे सत्तेचाळीस, अनुक्रमांक सहाशे एक. चला, गाडी आणलीय दारात."

अर्जुन हात पुसत दारात आला. हाताला खोबऱ्याचा चोथा लागला होता. एकानं यादीत पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"तिचा नवरा."

"तुमचं नाव दिसत नाही यात."

"न्हाई."

"मग तुम्ही राहू द्या. मॅडमना बोलवा. एक मत म्हणजे एक मत."

अर्जुननं त्या दोघांकडे पाहिलं. इस्त्रीचे कपडे, कपाळाला टिळा, तोंडात तंबाखू. त्यांना बाई नको होती, सहाशे एक हवा होता. आत बाई आहे की नाही हे बघायला त्यांच्यातला एकही उंबऱ्याच्या आत वाकला नसता. तो त्यांना काहीही सांगू शकला असता. खरंही सांगता आलं असतं, पण ते ऐकायच्या लायकीचं माणूस त्याला रिक्षात दिसलं नाही.

"ती कामात हाय," तो म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"बराच."

रिक्षा पुढच्या दारी गेली. अर्जुन आत आला. खोबरं दोनदा थांबवून झालं होतं, तिसऱ्यांदा थांबायचं होतं.

सहा वाजता मतदान संपलं. सहाशे एक या अनुक्रमांकापुढं, मत दिलं नाही, अशी नोंद झाली. त्यानंतर अर्जुननं तीस दिवस आणखी दोनदा सुरू केले, एकदा सहावर आणि एकदा नवावर तुटले. गोळ्या दर बुधवारी वैजयंताच्या नावावर मिळतात. दाखला जिरगेच्या टेबलावर संशयित म्हणून पडून आहे. तिचं नाव यादीतून निघालेलं नाही, त्याचं चढलेलं नाही. तीस दिवस अजून भरायचे आहेत.